बिनकॅरियरची मुराळी

माझ्या सायकलला कॅरियर नाही, ही गोष्ट शिरड शहापूरपासून हट्ट्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांना खटकते. जाड टायरांची, पुढे शॉकअप असलेली ही माउंटन बाईक मी नांदेडहून जुनी म्हणून आणली. तिला मडगार्ड नाही, स्टँड नाही, घंटी नाही. हट्ट्याच्या ज्या शाळेत मी शिकवते तिथं मी हिच्यावरच जाते. वाटेत कोणीतरी थांबवून विचारतंच, "मॅडम, डबा कुठं ठेवता?" मी सांगते, पाठीवरच्या बॅगेत. "आन् माणूस?" माणूस नाही बसवत, म्हटलं की समोरचा माझ्याकडं अशा कीवेनं बघतो, की माझं डोकं फिरतं. सायकल काय, रिक्षा आहे?

या सायकलवर मी माझ्या बहिणीला माहेरी आणायला गेले, त्याची ही गोष्ट.

आमच्याकडे पंचमीला लेक माहेरी येते, पण आपली आपण येत नाही. माहेरचं कोणीतरी तिला न्यायला जावं लागतं. जो जातो तो मुराळी. अक्काच्या लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, आणि दर श्रावणात अण्णाच मुराळी होऊन जायचे. अण्णा म्हणजे आमचे वडील. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. अक्काचं सासर औंढ्याच्या पलीकडं डोंगरात. तिची सासू बाकी सगळ्या बाबतीत लोण्यासारखी, पण या एका गोष्टीत दगड. मूळ, म्हणजे बोलावणं घेऊन माहेरचं माणूस, आल्याशिवाय सून उंबरा ओलांडणार नाही, आणि नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडायचं तर नावच काढायचं नाही. तिच्याही बोलण्यात तथ्य होतं म्हणा. जावयानं आणून सोडलेली लेक दिसली की गल्ली आधी तिचं तोंड बघते, मग तिच्या पिशव्या बघते आणि मग आपसात कुजबुजते.

त्या वर्षी उन्हाळ्यात अण्णा गोठ्यात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. पंचमी जवळ आली तसे ते वॉकर धरून ओसरीत येरझारा घालायला लागले, जणू चार फेऱ्या जास्त मारल्या की मोटारसायकलवर टांग टाकता येईल. शेवटी चुलतभावाला फोन लावला. तो म्हणाला, "अण्णा, फोन करा की तिला. दाजी आणून सोडतेत."

अण्णांनी फोन खाली ठेवला आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "म्हंजी माझ्यामागं हिचं माहेर सरलं म्हणायचं."

अण्णा रडका माणूस नाही. मोडलेल्या हाडावर डॉक्टरशी थट्टा करणारे. म्हणूनच ते वाक्य मला फार लागलं. मी म्हटलं, मी जाते.

"पोरगी कुठं मुराळी असती व्हय?" आई म्हणाली.

"पोरगा न्हाई तुम्हाला. आता ऐन टायमाला कुठून आणायचा?"

आई हसली नाही, पण अण्णा हसले. आणि मग त्यांच्या अंगात आलंच. वाट त्यांनी सांगायला सुरुवात केली ती दोन दिवस सांगतच होते. अक्काच्या गावाला डांबरी रस्ता आहे, पण नाल्यावरचा पूल पुरात गेल्यापासून जीप गावात जात नव्हती. गावकरी मोटारसायकली नाल्यातून काढायचे. अण्णांची जुनी वाट मात्र जंगलातून, टेकड्यांच्या पाठीवरून जाते. खोटं कशाला बोलू, मला ती वाट कितीतरी दिवसांपासून हवी होती. शाळेची वाट सपाट. तिथं या सायकलचा जीव गुदमरायचा, आणि माझाही.

आदल्या संध्याकाळी आईनं माझी बॅग भरली: अक्काला साडी, सासूला खण, डब्यात करंज्या, आणि ज्वारीच्या लाह्यांची फुगीर पिशवी. अण्णांनी सायकल ओसरीला टेकवून घेतली होती. मी आत होते. बाहेर आले तेव्हा ते वॉकरमध्ये वाकून, एका हातात एरंडेलाची वाटी घेऊन चाकाच्या मध्यभागी बोटानं तेल चोळत होते. म्हणाले, वंगण दिल्याशिवाय मुळाची गाडी घराबाहेर काढत नसतात. मला इतकं भरून आलं की मी नीट बघितलंच नाही, ते काय चोळतायत आणि कुठं.

सकाळी निघाले. पहिला तासभर सोयाबीन आणि हळदीच्या शेतांमधली काळी पाणंद. रात्री सर येऊन गेलेली. काळ्या मातीत सायकल चालवायची म्हणजे काय ते फक्त आमच्या भागातल्या माणसालाच कळेल. माती टायरला धरते, टायर मोठा होत जातो, आणि मग चाक फिरायचंच थांबतं. दर थोड्या अंतरावर उतरायचं, काडीनं चिखल कोरायचा, दोन शिव्या द्यायच्या, पुन्हा बसायचं. एका शेतातून एक आजोबा विचारते झाले, "काहून ओढून राहिली गं? बसून जाय की." मी म्हटलं, बसूनच चालले होते. ते म्हणाले, "कॅरियर बी न्हाई."

मग माती तांबडी झाली, मुरूम लागला, आणि चढ सुरू झाला. सगळ्यात हलका गिअर टाकला. सायकल माझ्या पायाखाली सुतासारखी चालली. दोन्ही बाजूला सागवान, त्याच्या शेंड्याशेंड्यांवर पांढुरक्या फुलांचे तुरे. पानं एवढी मोठी, की पाऊस थांबल्यावरही त्यांच्यावरून पाणी गळत राहतं. पळस होता, धावडा होता, मधेच टेंभुर्णी. एका वळणावर रोही, नीलगाईचा नर, उभा होता, घोड्याएवढा. त्यानं माझ्याकडं बघितलं, सायकलकडं बघितलं आणि सावकाश बाजूला झाला. त्यानं तेवढं कॅरियरचं विचारलं नाही. मला इतका आनंद झाला होता की मी मोठ्यानं बोलत होते, सायकलशी, झाडांशी, अण्णांशी. अण्णा या वाटेनं, अक्काच्या लग्नाआधी बैलगाडी हाकत आणि पुढं मोटारसायकलवर, कितीदा गेले असतील. घरी येऊन ते फक्त "डोंगर हिरवा हाय यंदा" एवढंच सांगायचे. ह्या सगळ्याला ते एवढंच म्हणत होते, याचा मला त्या दिवशी रागही आला.

माथ्यावरून उतार लागला. मी सायकल सोडली. वारा कानात भरला. पुढं वळण दिसलं तेव्हा ब्रेक दाबला, आणि काही झालं नाही. दुसरा दाबला. दोन्ही नुसते कुईं करून गप्प. माझ्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत, चाकाच्या मध्याशी लोखंडी चकती असते, ती धरून चाक थांबतं. अण्णांनी दोन्ही चकत्या एरंडेलानं न्हाऊ घातल्या होत्या.

मी वळले नाही. सरळ घाणेरीच्या झुडपांत गेले. लागलं फारसं नाही, कोपर खरचटलं, पण मी पाठीवर पडले, म्हणजे लाह्यांवर. तशीच पडल्या पडल्या हसत सुटले. गाडीच्या आसाला वंगण देणाऱ्या माणसाला सायकलच्या चाकाच्या मधोमध दुसरं काय दिसणार?

उताराच्या पायथ्याशी एक तांडा होता. तिथंवर सायकल हातात धरून नेली आणि पहिल्या घरासमोर बाजेवर बसलेल्या बाईला म्हटलं, बाई, चुलीतली राख देता का? हातभर पांढऱ्या बांगड्या घातलेली, आईच्या वयाची बाई. तिनं राख दिली, गरम पाणी दिलं, आणि मी भांड्यासारख्या चकत्या घासत बसले तशी समोर उकिडवी बसून बघत राहिली. कुठून आलीस, कुठं चाललीस, सगळं विचारून झालं. मुराळी म्हणून चाललेय म्हटल्यावर तिनं तोंडाला पदर लावला.

"आन् बहिणीला आणणार कशावर?"

मी हात थांबवला.

"आमच्या जुन्या लोकायचा धंदाच बैलावर माल लादायचा," ती म्हणाली. "आमचा बैल बी कधी रिकामा चालला न्हाई. तू येवढी गाडी घेऊन आली, आन् हिच्यावर लादायला जागाच न्हाई."

आता सांगते, हा प्रश्न आमच्या घरात कोणालाही पडला नव्हता. दोन दिवस आम्ही वाट बोललो, लाह्या बोललो, वंगण बोललो. अण्णांच्या डोक्यात बैलगाडी, नाहीतर मोटारसायकल. तिथं मागं जागा असतेच. आईच्या डोक्यात साडी. आणि माझ्या डोक्यात हा उतार, ज्यानं मला घाणेरीत घातलं. अक्काला आणायला निघालेल्या तिघांनीही अक्काचा विचारच केला नव्हता. माझं तोंड बघून त्या बाईला माझी दया आली असावी. तिनं कुडावरून काढलेली ओंजळभर करटुली माझ्या बॅगेत कोंबली. म्हणाली, "रिकाम्या हातानं नको जाऊ. पुढचं पुढं."

पुढचा सगळा चढ मी त्याच काळजीनं चढले. मूळ घेऊन गेलेला मुराळी एकटा परत आला तर? अण्णा ओसरीत वॉकर धरून उभे असणार. चुलतभावाचं बोलणं खरं ठरणार. त्यांच्या जिवाला ते कायमचं लागणार, आणि अक्का फोनवर "असू दे गं" म्हणणार. ते "असू दे" तर मला अजिबात ऐकायचं नव्हतं.

उन्हं कलायच्या आत गावात पोचले. चिखलानं माखलेली, केसात घाणेरीची पानं. अक्का दारात आली आणि मला बघून तिथंच खाली बसली. दाजी गोठ्यातून पळत आले. शेजारच्या दोघीतिघी जमल्या. "मुराळी कुठंय?" एकीनं माझ्या मागं बघत विचारलं. मी म्हटलं, मीच. त्या हसायला लागल्या. मला राग आला, पण मुराळ्यानं रागवायचं नसतं.

अक्काची सासू, मी त्यांना मावशी म्हणते, आतून आल्या. हातात पाण्याचा तांब्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग सायकलकडं. मी अण्णांनी शिकवलेलं वाक्य म्हटलं, "लेकीला पंचमीला न्यायला आलेय, मावशी."

मावशी पुढं आल्या. आधी माझ्या पायांवर पाणी ओतलं. मग वाकून सायकलच्या पुढच्या चाकावर ओतलं, मग मागच्या. बैलगाडी यायची तेव्हापासून त्या घरात मुळाच्या गाडीच्या चाकांवर पाणी घालतात. अण्णांच्या मोटारसायकलवरही घातलं होतं. माझ्या सायकलवर घालतील असं मला वाटलं नव्हतं. मला रडूच आलं आणि मी ते लपवलं नाही.

"माहेरचं माणूस आलं," मावशी शेजारणींना म्हणाल्या. "मला माणूस पायजे होतं. ते बाई हाय का गडी, त्याचं तुमाला काय करायचं?" मग माझ्याकडं वळल्या. "पण नेशील कशावर गं?"

मी लाह्यांची पिशवी पुढं केली. दाजी हळूच म्हणाले, "मी मोटारसायकलवर रस्त्यापर्यंत..." मावशींनी नुसतं बघितलं, त्यांचं वाक्य तिथंच राहिलं. पिशवी उघडली तर लाह्यांचं पीठ झालेलं. मावशींनी त्यातलं चिमूटभर तोंडात टाकलं. "चांगल्या भाजल्यात," म्हणाल्या. अक्का पदरात तोंड घालून हसत होती.

रात्रीच्या जेवणात करटुल्यांची भाजी होती. ताटावर बसल्या बसल्या मावशींनीच निकाल दिला. "मला माझा भाऊ न्यायला यायचा तवा आमी चालतच जायचो. गाठोडं त्याच्या डोक्यावर, मी मागं. तुमच्या पायाला काय तकलीफ हाय? जंगलातून खाली रस्त्याला लागा, तिथून जीपनं जा. न्हाईतरी सायकल हाय, आळीपाळीनं बसा." अक्कानं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. लहानपणी अण्णांच्या उंच सायकलवर कैची मारायला मला तिनंच शिकवलं होतं.

सकाळी निघालो. मावशी वेशीपर्यंत पोचवायला आल्या. वेस आली, त्या थांबल्या नाहीत. जंगल लागलं तरी आमच्याबरोबर चालत होत्या. एका मोहाच्या झाडापाशी वाट फुटते. डावी आमची, उजवी खाली एका गावाकडं. झाडीतून त्या गावाची पत्र्याची घरं दिसत होती. तिथं मावशी थांबल्या.

"माझं माहेर," त्या म्हणाल्या. "भाऊ होता तवर दरसाल यायचा. तो गेला. भाचा पुण्याला कामाला हाय. पंचमीला फोन करतो, आत्या जाऊन या म्हणतो. मनाचं चांगलंच हाय पोरगं. पण फोन आला म्हणून उठून कसं जावं? फोनच्या पायावर पाणी घालू का?"

इतकं जवळ, की तिथली कोंबडी आरवलेली ऐकू येत होती. आणि त्या किती वर्षं गेल्या नव्हत्या. मावशींनी माझ्या सायकलच्या सीटमागं हात फिरवला, जिथं काही नव्हतं तिथं.

"हिला ते मागचं बसवून मिळतं का?"

मिळतं, मी म्हटलं, पण या सायकलला कोणी बसवत नाही, शोभत नाही.

"शोभायला काय, लगीन हाय का तिचं?" म्हणाल्या आणि आल्या वाटेनं परत गेल्या.

पुढची वाट आम्ही दोघींची. बॅग हँडलला लटकवली. एक पुढच्या झाडापर्यंत सायकलवर जायची आणि थांबायची, दुसरी चालत यायची. उताराला अक्का म्हणाली, मला सोड. कासोटा मारला, चकत्या तपासून घेतल्या, आणि गेली. तिची वेणी, तिची साडी आणि तिचं ओरडणं सागवानात नाहीसं झालं, आणि मी मागून धावत होते. माझी बहीण एवढ्या मोठ्यानं ओरडू शकते हे मी विसरून गेले होते. खालच्या वळणावरही घाणेरी माजलेली होती, तिथं ती नीट वळली. मी माझ्या वळणावर नव्हते वळले, ते तिनं घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं.

रस्त्याला जीप मिळाली, सायकल टपावर चढली. तिन्हीसांजेला घरी पोचलो. अण्णा ओसरीत उभेच होते. अक्काला बघून त्यांनी वॉकरचा एक हात सोडला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, अक्कावरून, आणि अण्णांनी खुणावलं म्हणून माझ्यावरूनही. मग मी सगळं सांगितलं. एरंडेलाचं सांगितलं तेव्हा अण्णांनी कानाला हात लावला. मावशींचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली.

"तिनं कॅरियरचं विचारलं?"

व्हय, म्हटलं.

"मंग बसवून घे," अण्णा म्हणाले. "फुडच्या साली दोन मुळं हाईत तुला."

वसमतच्या सायकलवाल्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी नवरीला मिशा लावायला आणलंय. या मॉडेलला नसतं मॅडम, म्हणाला. मी म्हटलं, पट्टी वाकवा, भोक पाडा, काहीही करा, पण माणूस बसलं पाहिजे. रंगावर एक ओरखडा आला, तो अजून आहे.

यंदा पंचमीला पुन्हा त्याच वाटेनं गेले. मोहाच्या झाडापाशी मात्र आधी मावशींच्या माहेराकडं उतरले. मावशींच्या भाच्याची बायको घरी होती, कडेवर लेकरू. कशाला आले ते तिला सांगितलं. ती लेकरू सावरत आत गेली, फडक्यात बांधून खण आणला आणि माझ्या हातावर ठेवला. "आत्याला सांगा, आमी धाडलंय," म्हणाली. तिच्या घरचं पाणी पिऊन मी डोंगर चढले.

मावशींनी चाकांवर पाणी घातलं, नेहमीसारखं. मग मी तो खण त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो ओळखला नाही, पण गाठ ओळखली. म्हणाल्या, आमच्याकडं अशी बांधतात. आणि मग बराच वेळ त्या चुलीकडं तोंड करून बसल्या.

दुसऱ्या दिवशी मोहाच्या झाडापर्यंत तिघी चालत आलो. अक्का झाडाखाली थांबली. मावशी कॅरियरवर बसल्या, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी, एक हात माझ्या कमरेला घट्ट. वजन म्हणून काहीच नव्हतं. आम्ही वाकडीतिकडी वळणं घेत खाली उतरलो. गाव जवळ आलं, पहिली घरं दिसायला लागली, ओट्यावर बसलेल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. कमरेवरचा हात जरा दाबला गेला.

"हळू चालव," मावशी माझ्या पाठीशी म्हणाल्या. "लोकायला दिसू दे."

मी खाली उतरले, त्यांना तसंच बसू दिलं, आणि हँडल धरून गावातून पायी चालत निघाले.